घमेल्यातली चूल

ती घटना आठवली की आजही मला आधी वैताग येतो. बाकी सगळं नंतर. पोलीस खात्यातली नोकरी मी मुदतीआधीच सोडली, त्यालाही आता काही वर्षं झाली. खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी एकमेकांवर केलेल्या खोट्या फिर्यादी पाहिल्या. पण कुणी म्हटलं की तुमच्या नोकरीतली एखादी केस सांगा, की मला एक म्हातारी, तिचा मुलगा आणि तिची चूल आठवते. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात, आणि पूरही अजून येतोच.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पुसद-महागावच्या पट्ट्यात, तालुक्याच्या एका गावी उपनिरीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा मी पंचविशीची होते. कापसाची ती वाईट वर्षं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, आणि तिथे आयुष्यभर कापूस निवडलेल्या बाया गावात धुणीभांडी शोधत फिरत होत्या. मी मुंबईच्या खाडीकाठच्या एका वसाहतीत वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली. 'काहून' म्हणजे 'का' हे मला आमच्या जमादारांना विचारावं लागलं होतं. मुळात मी बोलतेच कमी. ठाण्यात त्याचा अर्थ 'मॅडमला लई घमेंड हाय' असा लावला गेला. तो दुरुस्त करण्याच्या भानगडीत मी पडले नाही.

गाव नदीच्या वळणावर होतं आणि वळणाच्या खालच्या अंगाला एक वस्ती होती. हमाल, मिस्त्री, गॅरेजवाले, धुणीभांडी करणाऱ्या बाया. हिंदू-मुसलमान घरं भिंतीला भिंत लावून. नदीच्या वरच्या अंगाला धरण. धरण भरलं की दारं उघडायची, भोंगा वाजायचा आणि वस्तीत पाणी शिरायचं. दर पावसाळ्यात. कधी एकदा, कधी दोनदा.

आणि दर पावसाळ्यात आमचा तोच खेळ. तहसीलमधून फोन येई, 'वस्ती रिकामी करा.' आम्ही जीपवर कर्णा बांधून जायचो. जमादार ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे. लोक अंगणातून म्हणायचे, "हो साहेब, निघतोच," आणि भाजी निवडत बसायचे. मग पाणी उंबऱ्याला लागलं की सगळी वस्ती एकदम उठून बिनबोभाट नगरपालिकेच्या शाळेत जाऊन बसायची. तिथे खिचडी वाटली जायची. खिचडी वाटतानाचे फोटो निघायचे. पाणी उतरलं की लोक परत जायचे, गाळ उपसायचे. पुढच्या वर्षी पुन्हा कर्णा.

त्या वर्षी यात एक भर पडली होती. वस्तीला गावाबाहेर लांब माळावर प्लॉट मंजूर झाले होते. कायमचं पुनर्वसन. कागदावर छान होतं. वस्ती मात्र हलायला तयार नव्हती. पुराच्या आधी गल्लीत बोलणं पसरलं की या वेळी शाळेत जो जाईल, त्याला सामानासकट टेम्पोत घालून थेट माळावर नेऊन सोडणार. आम्ही विचारलं तेव्हा 'अफवा आहे' असं उत्तर मिळालं. नंतर कळलं की ती अफवा नव्हतीच. टेम्पो ठरलेला होता. तो टेम्पो होता वस्तीतल्याच एका तरुणाचा, आणि तो तरुण म्हणजे आपल्या म्हातारीचा मुलगा.

पाणी आलं, लोक शाळेत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी हा मुलगा ठाण्यात आला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली.

"साहेब, माय सापडून नाई राह्यली."

पूर आला तेव्हा तो टेम्पो घेऊन महागावला गेला होता. परत आला तेव्हा घरात छातीएवढं पाणी. शाळेत आई नाही, फुलसावंगीला बहीण दिलेली तिच्याकडेही नाही. आम्ही हरवल्याची नोंद घेतली. फुलसावंगीला माणूस पाठवून खात्री केली. खालच्या गावांच्या पोलीस पाटलांना, नदीकाठी कुठे प्रेत लागलं तर कळवा, असा निरोप दिला. त्या वेळी त्या मुलाकडे पाहायला नको वाटलं.

दुपारी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा दबका आवाज आला. एक रुपयाच्या डब्यावरून बोलत होती. "बुढीले तिच्या पोट्ट्यानंच ढकललं पाण्यात. आदल्या दिशी लई भांडण झालतं. गल्लीले इचारा." एवढं बोलून फोन बंद.

गल्लीला विचारलं. शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या प्रत्येक बाईने तेच सांगितलं. भांडण झालं होतं. प्लॉटवर जायचं, नाही जायचं, यावरून. मुलगा ओरडला होता, "मर मंग इथंच बुडून!" ते सगळ्यांनी ऐकलं होतं. सगळ्यांनी अगदी सारखं ऐकलं होतं, शब्दाला शब्द. साक्षीदार इतके एकमताचे असले की मला संशय येतो, पण त्या दिवशी तो येऊनही मला त्याचं काय करायचं ते कळलं नाही.

ठाणेदार साहेबांनी मुलाला चौकशीसाठी बसवलं. टेम्पो तपासणीसाठी ठाण्याच्या आवारात लावून घेतला.

चौकशी जमादारांनी केली. मी समोर बसून होते.

"मायशी भांडला का नाई?"

"भांडलो साहेब."

"मर म्हणला का नाई?"

"म्हणलो."

"मंग?"

"मंग काय साहेब. रागानं म्हणलो."

"रागानं काय काय केलं, ते सांग ना लेका. म्हणलं फकस्त, का अजून काही?"

असं बराच वेळ चाललं. कुणी त्याच्या अंगाला हात लावला नाही, हे मी शपथेवर सांगू शकते. गरजच पडली नाही. संध्याकाळ होता होता तो टेबलाकडे पाहत म्हणाला, "लिहा साहेब. मीच मारली. मी मर म्हणलो अन् थे मेली. कुठं सही करू सांगा."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. माणूस थकला की कबुली देतो, आणि खऱ्या दु:खात असला की आणखी लवकर देतो. हा कबुली देत नव्हता, स्वतःला शिक्षा मागत होता. पण तिकडे ठाणेदार साहेबांना वरून फोनावर फोन येत होते. पुरात माणूस वाहून गेलं तर प्रशासनाची चूक. मुलाने ढकललं तर घरगुती गुन्हा. कुणाला कोणता जबाब हवा होता हे सांगायला नको. "सकाळी गुन्हा दाखल करू," साहेब म्हणाले, "तोपर्यंत काही नवं आणलं तर आणा. नाहीतर माझं डोकं खाऊ नका."

सकाळी मी जमादारांना घेऊन म्हातारीच्या घराचा पंचनामा करायला गेले. पाणी बरंच उतरलं होतं. गल्लीत घोटाभर गाळ. ती दोन खणांची खोली होती. पेटी दोरीने आढ्याला टांगलेली. गोधड्या माळ्यावर. धान्याची कोठी चार दगडांवर. भिंतीत पाण्याच्या जुन्या रेषा, एकीवर एक, आणि विजेचं बटण सगळ्यात वरच्या रेषेच्याही वर बसवलेलं.

ते बटण पाहून मला माझं घर आठवलं. आमच्या वसाहतीत भरतीच्या दिवसांत पाऊस लागला की खाडी गटारांतून उलटी घरात यायची. तळमजल्यावरच्या प्रत्येक घरी विजेची बटणं खांद्याच्या उंचीवर असत. भरतीची वेळ वर्तमानपत्रात पाहून आई आधी देव उचलायची, मग माझी पुस्तकं, मग बाबा आणि शेजारचे काका मिळून फ्रिज विटांवर चढवायचे. महापालिकेचा माणूस सूचना द्यायला यायचा तेव्हा आमचा चहा झालेला असायचा. काय कुठल्या क्रमाने उचलायचं हे घराघरात ठरलेलं होतं. लहानपणी शेजारच्या काकू कुठे गेल्या हे मला कुणाला विचारावं लागत नसे. त्यांच्या घरातून काय उचललं गेलंय ते पाहिलं की कळायचं. देव्हारा जागेवर नसला तर त्या बहिणीकडे गेल्या. नुसता स्टोव्ह नसला तर वरच्या मजल्यावर आहेत.

म्हणून मी खोलीत काय आहे ते लिहून झाल्यावर काय नाही ते शोधू लागले. एका कोपऱ्यात भिंत धुराने काळी झालेली होती. खाली गाळ, सपाट, लोण्यासारखा. चूल नव्हती.

"चूल विरघळली असेल का?" मी जमादारांना विचारलं.

"माती इरघळन, मॅडम. घमेलं कसं इरघळन?"

"कसलं घमेलं?"

जमादारांना माझी कीव आली असावी. त्या वस्तीत चुली जमिनीवर घालत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या लोखंडी घमेल्यात मातीची चूल थापतात, दोन बाजूंना तारेचे कान लावतात. पाणी आलं की सगळं सामान वर बांधायचं, म्हातारी-पोरं बाहेर काढायची, आणि सगळ्यात शेवटी चूल उचलायची. एक कान घरच्या बाईच्या हातात, दुसरा ती सांगेल त्याच्या. दुसऱ्या कुणी परस्पर कुणाची चूल उचलायची नाही. "चूल निघाली म्हंजे घर निघालं," जमादार म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले.

मग आम्ही दोघेही त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत उभे राहिलो.

"जमादार, हे तुम्हाला काल माहीत नव्हतं?"

"माहीत होतं ना. पाह्यलं नाई, मॅडम. पोट्टा कबूल करून राह्यला होता."

मी वही मिटली.

शाळेत गेलो. व्हरांड्याच्या भिंतीला लागून चुलींची रांग होती, सगळ्या थंड. मुख्याध्यापकांनी शाळेत विस्तव पेटवायला बंदी केली होती, त्यामुळे एवढी ओझी छातीशी धरून आणलेल्या बाया नगरपालिकेच्या पातळ खिचडीच्या रांगेत उभ्या होत्या. म्हातारीची चूल कोणती, असं मी विचारलं. सगळ्याजणी एकदम गप्प झाल्या. आदल्या दिवशी एका सुरात बोललेल्या त्याच सगळ्या.

म्हातारीच्या भिंतीला भिंत असलेली शेजारीण वस्तीत खाला म्हणून ओळखली जायची. वयाने मोठी, नवरा मोटारी दुरुस्त करायचा. बायकांना चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, त्या असतील तिथे जाऊन विचारायचं असतं. म्हणून मी तिला चौथीच्या वर्गात बसवलं आणि समोरच्या बाकावर बसले. बाक इतका ठेंगणा होता की माझे गुडघे हनुवटीपाशी आले. पोलिसी दरारा म्हणतात तो असा.

"खाला, म्हातारीला शेवटचं कधी पाहिलं?"

"पानी आया तब वो सो रही थी, बाई. हम सब भागे. किसकू होश था?"

"तिची चूल घरात नाही."

"बह गई होंगी."

"घमेलं?"

खाला खिडकीबाहेर पाहू लागली. मी काही बोलले नाही. माझ्या अबोलपणाचा नोकरीत जर काही उपयोग झाला असेल तर तो एवढाच. समोरचा माणूस गप्प बसला की बहुतेकांना ते सोसवत नाही. ते स्वतःच काहीतरी भरायला लागतात. खाला मात्र पक्की होती. तिने पदराने कपाळ पुसलं, पान काढलं, चुना लावला, तोंडात टाकलं. मीच ओशाळले.

तेवढ्यात वायरलेसवर निरोप आला. वरच्या भागात पाऊस पुन्हा लागला होता. संध्याकाळी धरणाची दारं आणखी उघडणार होती. जमादार दारात येऊन मोठ्याने तेच सांगून गेले.

मी खालाला म्हटलं, "मुलाने कबुली दिली आहे. आईला मीच मारली म्हणतो. थोड्या वेळाने साहेब गुन्हा दाखल करतील, मग तो यवतमाळच्या जेलमध्ये जाईल. आणि म्हातारी जिथे असेल तिथे संध्याकाळी पाणी चढेल. दोघंही जातील."

"वहाँ पानी नहीं चढता!" खाला फटकन बोलली. मग पान चघळायची थांबली.

"कुठे नाही चढत?"

तिने मला एक शिवी दिली असावी. उर्दूत होती, मला कळली नाही. मग म्हणाली, "लडके ने ऐसा कैसे बोल दिया? पागल है क्या? हमने तो बस इतना सोचा था, दो दिन थाने में बैठेगा, टेम्पो खडा रहेगा, किसी का सामान माळ पर नहीं जाएगा. फोन भी हमनेच लगवाया. तुम लोगां ने उसको मारा क्या?"

"नाही मारलं."

"तो फिर कैसे बोला वो?"

"ते त्यालाच विचारा. म्हातारी कुठे आहे?" खालाने खिडकीतून टेकाडाकडे बोट दाखवलं.

म्हणजे झालं होतं ते असं. आम्ही कर्ण्यावरून ज्या लोकांना समजावत फिरत होतो, त्यांनी एक टेम्पो अडवून ठेवायला अख्खं पोलीस ठाणं कामाला लावलं होतं. आमची जीप, आमचा वायरलेस, नदीकाठच्या सगळ्या पोलीस पाटलांची धावाधाव, सगळं काही. ठाणेदार साहेबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "पोट्ट्याले घेऊन जा सोबत. मी आलो तं कोणाले तरी मारीन."

वस्तीच्या मागच्या टेकाडावर बंद पडलेली एक जिनिंग होती. मुख्य दाराला कुलूप. जमादार आदल्या दिवशी ते कुलूप पाहून परत आले होते. मागच्या बाजूला सरकी बाहेर काढायची रुंद खिडकी होती, तिच्या फळ्या निखळलेल्या. म्हातारीने आयुष्य त्या जिनिंगमध्ये काढलं होतं. तिला कुलपाशी काय देणंघेणं? खिडकीतून धूर येत होता, आम्ही तिथूनच आत शिरलो.

आत रुईचं मोठं गोदाम. कोपऱ्यांत, तुळयांवर, जुन्या कापसाची पांढरी बुरशी साचलेली. मधोमध घमेल्यातली चूल पेटलेली आणि तिच्यापुढे म्हातारी भाकर थापत बसलेली. एवढीशी बाई. आम्हाला पाहून उठलीही नाही.

"आला का रे टेम्पोवाला?"

मुलगा खिडकीपाशीच खाली बसला. मग म्हणाला, "मले वाटलं तू मेली."

"तूच तं म्हणला होता मर म्हणून."

"माय!"

"म्या आयकलं नाई तुयं. कवा आयकलं?"

एरवी हसले असते. पण आदल्या संध्याकाळपासून मी त्या मुलाचा चेहरा पाहत होते. मी म्हटलं, "आजी, त्याने लिहून द्यायची तयारी केली होती. तुम्हाला मारलं म्हणून. सही कुठे करू विचारत होता."

म्हातारीचा हात भाकरीवरच थांबला. "काहून रे?" ती हळू म्हणाली. "कायले म्हणला असं?" तव्यावरची भाकर जळायला लागली, कुणी उलटेना. शेवटी जमादारांनी उलटली.

मग ती माझ्यावर उखडली. "पोलिसवाले दोन दिवस बसवतीन, चहा पाजतीन, सोडून देतीन, असं वाटलं होतं मले. तुम्ही लेकराले इतलं काय इचारलं वो?"

"आजी, तुम्ही शाळेत का नाही गेलात?"

"तिथं चूल पेटवू देत नाई. थंडी खिचडी देते अन् फोटो काढते. वर्षभर म्या चार घरची भांडी घासतो, स्वतःचं शिजवून खातो, अन् एक दिवस पाणी आलं तं भिकारीण? अन् यंदा तं तिथून माळावर नेऊन राह्यले होते. पाह्यला का तुम्ही थो माळ?"

पाहिला होता. बंदोबस्ताला गेले होते एकदा. दगड आणि कुसळं.

"पाणी येते म्हणून उठवता," म्हातारी म्हणाली, "अन् जिथं पाण्याचा टिपूस नाई तिथं नेऊन बसवता. इथं पाणी येते न् जाते. आम्ही चूल उचलतो, मांगून परत ठेवतो. तिथं पेयाले काय माती खाऊ? अन् कामाले रोज गावात कोण आणन, हा का? फुकट आणशील का रे?"

मुलाने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कळलं नाही. तिने भाकर आणि वर ठेचा असं त्याच्या हातावर ठेवलं. तो खात होता आणि नाक पुसत होता. जमादारांनाही एक भाकर मिळाली. मला विचारलं नाही. मी मॅडम होते.

संध्याकाळी भोंगा वाजला, वस्तीत पुन्हा पाणी आलं, जिनिंगच्या जोत्याला लागलंही नाही. हरवल्याची नोंद निकाली निघाली. खोट्या माहितीबद्दल सगळ्या गल्लीवर कारवाई करावी असं साहेबांना एकदा वाटलं. कुणाकुणावर, हे ठरवताना तेच कंटाळले. मुलगा घरी गेला. टेम्पो सोडायच्या कागदावर मात्र साहेबांची सही बरेच दिवस झाली नाही. तहसीलमधून विचारणा आली की साहेब म्हणत, "कागद वर पाठवलाय." कागद त्यांच्याच टेबलावर, पेपरवेटखाली होता. पाणी पूर्ण उतरून लोक घरी गेल्यावर सही झाली. जिनिंगच्या मालकाला बोलावून साहेबांनी काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानंतर पावसाळ्यात त्या दाराची किल्ली ठाण्यात राहू लागली.

या केसने काय शिकवलं असं विचारतात. एक शिकले. साक्षीदार काय बोलतात ते लिहून घ्यावंच, पण तो माणूस जाताना काय घेऊन गेला ते आधी पाहावं. दुसरं असं की संकट ज्यांच्यावर दर वर्षी येतं, ते त्यावर आपली रीत बसवून मोकळे झालेले असतात. आपण कर्णा घेऊन पोचतो तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्याच वाटेत उभे असतो. माझं माहेर खाडीकाठचं असूनही हे मला तिथे गेल्यावर कळावं, याचाही वैताग येतो.

पुढच्या पावसाळ्यात भोंगा वाजला तेव्हा आम्ही कर्णा न बांधता गेलो. जिनिंगचं दार उघडून दिलं आणि गल्लीत उभे राहिलो. एकेक घर बांधून झालं, एकेक चूल निघाली. म्हातारी उंबऱ्यात उभी होती. खाला पुढे झाली, तर तिने हातानेच तिला थांबवलं.

"वो मॅडम! इकडं ये. धर थो कान."

मी टोपी जमादारांकडे दिली आणि तारेचा कान धरला. चूल अजून गरम होती, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जड. पाण्यातून चढण चढताना हात तुटायला आला. अर्ध्या वाटेत मी म्हटलं, "आजी, जरा खाली ठेवू या का?"

"खाली ठेवत नसते!" म्हातारी खेकसली. "इतलंही माहीत नाई का तुले?"

हे तिने निघताना सांगितलं नव्हतं.